श्वास आत गेला, पुढे काय?

या महिन्याच्या टपालात श्वसनावरची पत्रं सर्वात जास्त निघाली. त्यांतली नऊ इथे घेतली आहेत. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या: फुप्फुस ऑक्सिजन शोषत नाही, रक्तही तो ओढून घेत नाही. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपणहून जातो, पाणी उताराला लागावं तसा. खालच्या बहुतेक प्रश्नांची गाठ या उतारापाशीच सुटते.

प्रश्न : आमच्या पुस्तकात ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणात एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब) बाहेरच्या हवेत १५९, वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) १०४ आणि शुद्ध रक्तात ९५ मिलिमीटर पारा दिलाय. १५९ चे १०४ कसे होतात? आणि वायुकोशापाशी १०४ घेतलेल्या रक्ताचे ९ वाटेत कुठे गळतात? क्लासमध्ये ‘पाठ करा’ एवढंच सांगतात. (बारावी विज्ञान, लातूर)

पाठ करू नका, हिशेब मांडा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०. त्यातला २१ टक्के ऑक्सिजन, म्हणून १५९-१६०. हवा नाक-घशातून जाता जाता गरम आणि ओली होते. त्या वाफेचाच दाब ४७ असतो. ७६० तून ४७ गेले, उरले ७१३. त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. दहा मिलिमीटर तर वायुकोश गाठायच्या आतच गेले.

पुढची घट शिळ्या हवेमुळे. शांतपणे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात दोन-सव्वादोन लिटर हवा राहतेच. नव्या श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा येते. तीतली १५० नाक, घसा, श्वासनलिका यांतच अडकते, तिथे देवाणघेवाण होत नाही. वायुकोशांपर्यंत पोचते ती ३५० मिलि. म्हणजे एका श्वासाला जेमतेम सातवा हिस्सा हवा बदलली. त्यात रक्त सतत ऑक्सिजन उचलतंय आणि कार्बन डायऑक्साइड टाकतंय. या सगळ्यात वायुकोशातला दाब १००-१०४ वर स्थिरावतो. शिळी हवा हा दोष समजू नका. ती नसती तर दर श्वासाला रक्तातले वायू हेलकावे खात राहिले असते.

आता हरवलेले ९. केशवाहिनीतून जाताना रक्त वायुकोशाच्या सान्निध्यात पाऊण सेकंद असतं. मधला पडदा सरासरी अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे पाव सेकंदातच रक्ताचा दाब वायुकोशाइतका होतो. अर्धा सेकंद शिल्लक राहतो, तो धावताना उपयोगी पडतो. तिथून निघालेलं रक्त खरंच १०४ चं असतं. पण हृदयाच्या डाव्या बाजूला जाताना त्यात दोन ओहोळ मिसळतात: श्वासनलिकांच्या भिंतींना पोसून आलेलं अशुद्ध रक्त आणि हृदयाच्याच स्नायूतलं थोडं. दोन्ही मिळून एकूण रक्ताच्या सुमारे २ टक्के. शिवाय फुप्फुसाच्या वरच्या आणि खालच्या भागांत हवा आणि रक्ताचं प्रमाण सारखं नसतं, त्याचाही वाटा आहे. २ टक्क्यांनी ९ चा फरक कसा, असं वाटेल. रक्तात ऑक्सिजन वाहतं ते हिमोग्लोबिन. कोणत्या दाबाला ते किती टक्के भरतं, हे दाखवणारा आलेख वरच्या टोकाला जवळजवळ आडवा असतो. तिथे ऑक्सिजनचं प्रमाण किंचित घटलं तरी दाब बराच घसरतो. परीक्षेत हा आलेख काढायला आला तर चार बिंदू पुरतात: दाब २७ ला ५० टक्के, ४० ला ७५, ६० ला ९०, १०० ला ९७-९८.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड रक्तातून वाहून नेला जातो, तर सोड्यासारखे बुडबुडे का येत नाहीत? (नववीच्या मुलाचा प्रश्न; पत्र आईचं, चिपळूण)

मुलाला शाबासकी द्या. सोड्याच्या बाटलीत वायू जबरदस्तीनं, हवेपेक्षा जास्त दाबानं भरलेला असतो. झाकण उघडलं की तो बाहेर पडतो. शिरेतल्या रक्तातल्या सगळ्या वायूंचे दाब मिळवून पाहा: ऑक्सिजन ४०, कार्बन डायऑक्साइड ४५, वाफ ४७, नायट्रोजन साधारण ५७३. बेरीज ७०५, बाहेरचा दाब ७६०. बुडबुडा तयार व्हायला जागाच नाही. खोल पाण्यातला पाणबुडा घाईनं वर आला की हे गणित उलटतं आणि नायट्रोजनचे बुडबुडे खरंच धरतात.

शिवाय कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ७० टक्के भाग वायू म्हणून राहतच नाही. तांबड्या पेशीतलं कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) त्याची पाण्याशी गाठ घालून देतं आणि बायकार्बोनेट बनतं. फुप्फुसात तीच क्रिया उलटी फिरते. वीसेक टक्के हिमोग्लोबिनला चिकटून जातो आणि उरलेला थोडासाच विरघळलेला असतो. या विकराचं नाव लक्षात ठेवा, शेवटच्या उत्तरात लडाखला ते पुन्हा भेटणार आहे.

प्रश्न : रोज अर्धा तास प्राणायाम करते. आधी बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८, नंतरही ९८. मग ऑक्सिजन वाढतो म्हणतात तो कुठे जातो? (डोंबिवली)

कुठेच जात नाही, कारण वाढायला जागा नव्हती. हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी ९८ आधीच भरलेल्या होत्या. निरोगी माणसानं कितीही खोल श्वास घेतला तरी रक्तातला ऑक्सिजन नाममात्रच वाढतो. भराभर श्वासांनी कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात; गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. ‘शक्ती संचारली’ असं काहींना वाटतं ते हेच. मुंग्या आल्या की थांबावं.

श्वास संथ आणि खोल करण्याला मात्र अर्थ आहे, आणि तो आकड्यांत दिसतो. मिनिटाला ५०० मिलिचे १२ श्वास म्हणजे ६ लिटर. २५० मिलिचे २४ श्वास, तेही ६ लिटरच. पण दर श्वासाला १५० मिलि वाटेतच वाया जातात. पहिल्या माणसाच्या वायुकोशांत ४.२ लिटर ताजी हवा पोचली, दुसऱ्याच्या फक्त २.४. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतात म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो आणि फुप्फुसाचे खालचे वायुकोश मिटून बसतात. तिथे दीर्घ श्वासाचा व्यायाम औषधाइतका महत्त्वाचा असतो.

एक धोका इथेच सांगतो. उन्हाळ्यात विहिरीत बुड्या मारणारी मुलं जास्त वेळ खाली राहण्यासाठी आधी जोरजोरात वीस-पंचवीस श्वास घेतात. श्वास घ्यायची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. तोच आधी उडवून लावला की ऊर्मी उशिरा येते. ऑक्सिजन तोवर संपतो आणि मुलगा पाण्याखाली, धडपड न करता, बेशुद्ध होतो. काठावरच्यांना वाटतं, अजून बुडीतच आहे.

प्रश्न : आईचं हिमोग्लोबिन साडेसात आहे. एक जिना चढली तरी धाप लागते, पण ऑक्सिमीटर ९९ दाखवतो. मशीन बिघडलंय का? (बीड)

मशीन ठीक आहे, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय. ऑक्सिमीटर सांगतो की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय. हिमोग्लोबिन किती आहे, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलि ऑक्सिजन वाहतं. १३ ग्रॅम असतं तर १०० मिलि रक्तात सव्वासतरा मिलि ऑक्सिजन असता. साडेसातवर तो जेमतेम १० मिलि आहे. एसटी गच्च भरून जाते हे खरं, पण गाड्याच निम्म्या आहेत.

शरीर ही तूट हृदयाचे ठोके वाढवून भरतं, म्हणून धडधड आणि धाप. ओठ निळे पडण्याची वाट पाहू नका. निळेपणा दिसायला १०० मिलि रक्तात साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. आईकडे एकूणच साडेसात आहे, त्यामुळे तो रंग दिसेपर्यंत फार उशीर झालेला असेल. लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त का कमी झालं हे शोधायला डॉक्टरांकडे जा: पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जंत, पोटातला व्रण. गोळी चहासोबत घेऊ देऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं बसवून ठेवा, बोट गरम असू द्या, आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. गडद नेलपॉलिश किंवा बोटाच्या टोकावर रंगलेली मेंदी असेल तर दुसरं बोट निवडा. आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून ९२-९३ ला निश्चिंत होऊ नये.

प्रश्न : हळदीचं पेव (जमिनीखालचं साठवणीचं कोठार) उघडल्यावर आमच्याकडे लगेच कुणी उतरत नाही, आधी कंदील सोडून बघतात. कंदील जळला म्हणजे धोका टळला का? आणि माणूस मिनिटभर श्वास रोखू शकतो, तर पेवात उतरलेला दोन श्वासांत कसा कोसळतो? (हरिपूर, सांगली)

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, आधी तो घेतो.

श्वास रोखला तेव्हा फुप्फुसात अडीच-तीन लिटर हवा असते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो. रक्तातही आणखी पाऊण-एक लिटर ऑक्सिजन साठलेला असतो. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला २५० मिलि लागतो. तेव्हा एक मिनिट आरामात निघतं. मिटलेल्या पेवात गोष्ट वेगळी आहे. आतला माल, त्यावरचे सूक्ष्मजीव आणि भोवतालची माती यांनी ऑक्सिजन संपवत आणलेला असतो आणि जागा कार्बन डायऑक्साइडनं घेतलेली असते. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. उतरणाऱ्यानं श्वास घेतला की फुप्फुसातली चांगली हवा धुऊन निघते आणि उतार उलटा होतो. शिरांतून फुप्फुसात आलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ४० आहे, वायुकोशात १०-१५. आता ऑक्सिजन रक्तातून हवेत जाऊ लागतो! श्वास रोखलेला माणूस शिल्लक पुंजी खात असतो. पेवातला माणूस दर श्वासाला ती बाहेर टाकत असतो. असं रिकामं झालेलं रक्त काही सेकंदांत मेंदूत पोचतं. गुडघे आधी जातात, ओरडायला सवड मिळत नाही. भरीला एवढा कार्बन डायऑक्साइड स्वतःच गुंगी आणतो.

आता कंदील. ज्योत साधारण १६-१७ टक्के ऑक्सिजनला विझते. माणसाला त्या पातळीला धाप लागते, डोकं नीट चालत नाही. शुद्ध हरपते ती त्याहून बरीच खाली, १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कंदील माणसाच्या आधी हार मानतो. जुन्या माणसांची ही रीत बिनबुडाची नाही. विझला तर उतरायचं नाही, यात चर्चाच नको. पण जळत राहिला म्हणून सगळं ठीक, असं नव्हे. तोंडाशी हवा खेळती असते आणि कोपऱ्यात खराब हवा दबून राहते. म्हणून कंदील तळापर्यंत सोडा, तिथे काही मिनिटं ठेवा, काम चालू असेपर्यंत आतच राहू द्या. पेव बराच वेळ उघडं ठेवा आणि ब्लोअरचा पाइप तळापर्यंत न्या. वरच्या वर वारा घालून तळची हवा हलत नाही.

मैल्याच्या टाकीत आणि गटाराच्या चेंबरमध्ये मात्र कंदील चुकूनही नेऊ नका. तिथे मिथेन असतो, स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइडही असतो: सडक्या अंड्याचा वास, पण प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं मेली आहेत. अशा टाकीत उतरायचंच नाही, उपसा यंत्रानं करायचा.

आणि आत कुणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. अशा अपघातांत एकामागे एक तिघे-चौघे जातात, ते बहुधा वाचवायला गेलेले असतात. उतरणाऱ्याच्या छातीला आणि काखेखालून दोर आधीच बांधलेला हवा, वर दोन माणसं हवीत. दोर असला की वरूनच ओढता येतं.

प्रश्न : गॅस गिझरच्या बाथरूममध्ये माणसं मरतात ती ऑक्सिजन संपल्यामुळे का? (नाशिक)

मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडमुळे. बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. त्यानं जागा अडवल्या एवढ्यावर भागत नाही. उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही हिमोग्लोबिन पेशींना सोडेनासं होतं. डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. कडीपर्यंत हात पोचत नाही तो यामुळे.

इथे ऑक्सिमीटर सरळ फसवतो. तो दोनच रंगांचा प्रकाश वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरल्यासारखंच दिसतं. बेशुद्ध माणसाच्या बोटावर ९८ दिसेल. दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्यावर आणा आणि दवाखान्यात ‘गॅस गिझर’ हे शब्द सांगा. मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन हाच उपाय आहे. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास.

गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. ते जमत नसेल तर बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, मग अंघोळीला जा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवा.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) मिनिटाला २ लिटरवर ठेवायला सांगितलं. एकदा ८९ दिसलं म्हणून आम्ही ५ केलं. आकडा ९७ झाला, पण ते दिवसभर पेंगत होते. जास्त ऑक्सिजननं बिघडलं का? (सोलापूर)

बहुधा हो. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत अडचण तोच बाहेर टाकण्याची आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ही शरीराची उत्तम सोय आहे. ऑक्सिजन भरमसाट दिला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा खराब भागात शिरतं आणि कार्बन डायऑक्साइड न टाकताच परततं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं आणि श्वासही थोडा मंदावतो. म्हणून अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. ८९ ही चांगली खूण होती.

सकाळी डोकं दुखणं, पेंग, असंबद्ध बोलणं, हात पुढे केल्यावर पंजे फडफडणं ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची लक्षणं. तेव्हा ऑक्सिजन एकदम बंद करू नका, आकडा धाडकन कोसळतो. सांगितलेल्या प्रवाहावर आणा आणि दवाखाना गाठा. धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी, म्हणजे एबीजी, केल्याशिवाय खरं चित्र कळत नाही.

यंत्राबद्दल: प्रवाह दाखवणाऱ्या गोटीचा मध्य सांगितलेल्या आकड्याच्या रेघेवर हवा. मागची स्पंजची जाळी आठवड्याला धुऊन, वाळवून लावा. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, ते खोलीतल्याच हवेतून नायट्रोजन गाळत असतं. बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं, रोज बदललेलं. नळीतून हवा येते का, अशी शंका आली तर टोक पेलाभर पाण्यात धरा: बुडबुडे आले तर नळी मोकळी आहे. जवळ बिडी, निरांजन, उदबत्ती काही नको. डॉक्टरांनी १५ तास लिहिले असतील तर १५ तासच, दम लागला की तेवढ्यापुरतं नव्हे.

प्रश्न : रात्री खोलीत झाडाची कुंडी ठेवली तर घुसमटतं का? (पणजी)

नाही. कुंडीतलं झाड रात्रभरात सोडतं तो कार्बन डायऑक्साइड अगदी किरकोळ. शेजारी झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर सोडतो. त्याला कुणी बाहेर काढत नाही. खिडकी किलकिली ठेवा.

प्रश्न : विमानानं थेट लेहला जाणार आहोत, सोबत साठीचे सासू-सासरे. ऑक्सिजनचे डबे किती न्यावेत? (पुणे)

डब्यांचा हिशेब आधी करा. डब्यावर १० लिटर लिहिलं असेल तर मिनिटाला २ लिटरनं तो पाच मिनिटं पुरतो. ते पैसे एका जादा मुक्कामावर खर्च करा.

लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच आहे, कमी होतो तो दाब. साडेतीन हजार मीटरला हवेचा दाब ४९० च्या आसपास. वाफेचे ४७ तिथेही वजा होतातच. उरलेल्याचे २१ टक्के म्हणजे ९३. मुंबईत हाच आकडा १५० च्या जवळ असतो. वायुकोशात तो ५०-५५ वर येतो, म्हणजे आलेखाच्या घसरणीच्या काठावर. पहिल्या दिवशी बोटावर ८५ ते ९० दिसणं अपेक्षित आहे, त्यावरून घाबरू नका. माणसाकडे पाहा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जाणं थांबवा. बसल्या जागी धाप, सतत खोकला, फेसाळ थुंकी, किंवा चालताना झोकांड्या दिसल्या तर त्याच वेळी, रात्र असली तरी, खाली न्या आणि ऑक्सिजन द्या.

तिथे शरीर आपोआप भराभर श्वास घेतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो, विशेषतः झोपेत. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मघाचंच कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज विकर अडवते. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, ब्रेक सैल होतो. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा चालू औषधं असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळीनं लघवी वाढते, मुंग्या येतात, सोड्याची चव बदलते.

पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसते राहा: जिने नकोत, दारू नको, झोपेची गोळी नको. नंतरची ‘खारदुंग ला’ ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे दाब पुण्याच्या निम्म्याच्या थोडाच वर. फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत उतरा. पलीकडचं नुब्रा खोरं लेहपेक्षा खाली आहे, तिथे मुक्काम आधी करा. पँगाँग चार हजार मीटरच्या वर आहे, तो मुक्काम शेवटी ठेवा. सासू-सासऱ्यांपैकी कुणाचं डोकं त्या सकाळी दुखत असेल तर रद्द करा.